उतरलेला आकडा

तो आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आला होता. उंच इमारतींच्या पोटात शिरायचं, दोर तपासायचे, मोटारीला तेल द्यायचं, आणि दोन मजल्यांच्या मध्ये कोणी अडकलं असेल तर वरून ओरडून धीर द्यायचा, "घाबरू नका, मी आलोय." निवृत्त झाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आता "मी आलोय" असं ऐकायला घरात एकच माणूस आहे, आणि तेही सकाळी डबा घेऊन बाहेर पडतं.

ते माणूस म्हणजे त्याची बायको. एका नाटक कंपनीच्या कपडेपटात ती शिवणकामाची मुख्य होती. तिथे लहानमोठे सगळे तिला ताई म्हणत आणि तिने मान हलवल्याशिवाय एक बटणही रंगमंचावर जात नसे.

घरातली सगळी कामं त्याने आपणहून अंगावर घेतली. सकाळचा चहा त्याचा, डबा त्याचा, बाजार त्याचा. आणि बायकोचं बीपीही त्याचंच झालं. दुखणं तिचं जुनं होतं, पण सांभाळायला त्याने आता घेतलं. न्याहारी झाली की तो गोळी तिच्या तळहातावर ठेवी आणि पाणी पुढे करी. संध्याकाळी ती घरी आली, हातपाय धुऊन बसली, की मशीनचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळी. "चष्मा काढ, डोळे मिट, बोलू नकोस," असं बजावी. मशीन घरघर करून गप्प झालं की तो आकडा मोठ्याने वाचून दाखवी. ती "बरं" म्हणे आणि पट्टा सोडवून उठे. तिला वाटे, डोक्यातली एक कटकट कमी झाली. त्याला वाटे, आपल्यावाचून हिचं पान हलायचं नाही.

एका सकाळी ती म्हणाली, "आजपासून मला चहा अर्धाच द्या."

"का? बिघडलाय का?"

"चहा छान आहे हो. पण कामावर गेल्या गेल्या टोपवाले हळदीचं दूध देतात. दोन्ही नाही झेपत पोटाला."

टोपवाला म्हणजे कंपनीत नव्याने आलेला कारागीर. नटांच्या डोक्यावरचे केसांचे टोप तो करायचा, दाढ्यामिशाही करायचा. त्याचं नाव घरात यापूर्वी एकदोनदा येऊन गेलं होतं.

"हळदीचं दूध? कोणाला ताप आलाय?"

"ताप कशाला यायला हवा? मिरी, दालचिनी, सुंठ असं सगळं घालून चांगलं आटवतात. थर्मास भरून आणतात सगळ्यांसाठी. बीपीलाही चांगलं म्हणतात."

"पी हळद नि हो गोरी," तो म्हणाला.

ती हसली, अर्धा चहा प्यायली आणि गेली. उरलेला अर्धा कप ओट्यावर निवत राहिला. त्याने तो मोरीत ओतला, आणि ओतताना त्याला वाटलं की आपल्याला काहीतरी होतंय. काय होतंय त्याला नाव द्यायची त्याची तयारी नव्हती.

त्यानंतर टोपवाला रोज जेवायला येऊ लागला. स्वतः नाही, बायकोच्या बोलण्यात. टोपवाले म्हणतात, खऱ्या केसांचा एक टोप करायला महिना लागतो. टोपवाले म्हणतात, रागीट नटाचं डोकं जास्त घामेजतं. टोपवाल्यांनी आज व्यवस्थापकांची अशी नक्कल केली की कात्री हातातून पडली. तो घास चावत ऐकून घेई. एकदा न राहवून म्हणाला, "टोप घालणारा माणूस. टोपी घालायची पण सवय असणारच."

एरवी अशा कोटीवर ती हसायची. या वेळी तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि आमटी वाढून घेतली.

एके दिवशी ती चष्मा घरी विसरली. कपडेपटात तिचा दुसरा चष्मा असतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने घरी राहिलेला चष्मा रुमालात गुंडाळला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघाला.

कपडेपट नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला, चार पायऱ्या उतरून होता. छताखालच्या दांड्यांवर झगे आणि कोट टांगलेले, भिंतीला रिळांच्या रांगा, मधे कापायचं लांब टेबल, आणि सगळ्यावर वाफेच्या इस्त्रीचा ओलसर वास. कोपऱ्यातल्या टेबलावर लाकडी डोकी मांडून ठेवलेली. तिथे त्याची बायको स्टुलावर बसली होती. तिच्या डोक्यावर म्हाताऱ्या न्यायाधीशाचा पांढराशुभ्र अर्धवट टोप होता, आणि एक सडपातळ माणूस तिच्या मागे उभा राहून जाळीच्या कडेला टाचण्या लावत होता.

"जरा मान सरळ, ताई. न्यायाधीश हसायला लागले तर आरोपी सुटेल."

ती खांदे गदगदवून हसत होती. तिला असं हसताना पाहून त्याला जुने दिवस आठवले. मग आठवलं की त्या दिवसांत तिला हसवणारा तो होता.

टोपवाल्याचं स्वतःचं डोकं तळहातासारखं गुळगुळीत होतं. याचा नवऱ्याला आनंद व्हायला हवा होता. पण टोपवाल्यानेच पहिल्या मिनिटात डोक्यावरून हात फिरवत सांगून टाकलं, "आमच्या धंद्यात पिकतं तिथे विकत नाही," आणि तोही आनंद त्याच्याकडून काढून घेतला. शिवाय तो तिला ताई म्हणत होता. पण ताई म्हणण्यात कोणाचं काय जातं, असं त्याच्या मनात आलं. ताई म्हणून माणूस जवळ बसतोच की.

टोपवाल्याने थर्मासातून कपभर दूध ओतून त्याच्यापुढे ठेवलं. पिवळंधमक, वर मिरीची बारीक पूड तरंगत होती. तो प्यायला. "छान आहे," असं त्याला म्हणावं लागलं. वाईट हे की ते खरोखर छान होतं.

"ताईंना मी म्हटलंय," टोपवाला म्हणाला, "बीपीची गोळी चालू आहे तर एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला. घरगुती असलं तरी रोज घ्यायचं म्हणजे औषधासारखंच झालं."

"डॉक्टरांशी मीच बोलतो," तो म्हणाला. "तिचं सगळं मीच बघतो."

"मग प्रश्नच मिटला," टोपवाला म्हणाला आणि टाचण्यांकडे वळला.

घरी येताना त्याने हळद, मिरी, दालचिनी, सुंठ आणि जायफळ घेतलं. त्याच संध्याकाळी पातेल्यात दूध चढवलं. त्याच्या मते टोपवाल्याचं दूध मिरीत कमी होतं. त्याने दुप्पट घातली. हळदही सढळ हाताने घातली. दूध आटून दाट झालं तेव्हा मध घालून ते तिच्या हातात दिलं.

ती एक घोट घेऊन खोकली. "अहो, हे काय?"

"हळदीचं दूध. तुला आवडतं ना?"

"सकाळी प्यायलेय मी."

"ते तिथलं. हे घरचं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चमचा हातात धरून परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहावा तसा उभा होता. तिने कप संपवला. "चांगलं झालंय," म्हणाली. दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी घरचा कप ठरून गेला. थोड्या दिवसांनी तो सकाळी अर्ध्या चहाच्या जागीही तोच कप देऊ लागला. तिने ना टोपवाल्याला नाही म्हटलं, ना नवऱ्याला. माणसं प्रेमाने करतात, त्यांचं मन कशाला मोडा, असा तिचा स्वभाव होता. कपडेपटातही ती कोणाचं टाके चुकलेलं काम समोर उसवत नसे, माणूस गेल्यावर स्वतः नीट करून ठेवी.

आणि मग आकडा उतरू लागला.

पहिल्यांदा उतरला तेव्हा तो हरखला. वरचा आकडा एकशे तीसच्या आसपास आला होता. इतका चांगला त्याने पूर्वी पाहिला नव्हता. "बघ," तो म्हणाला, "एकशे तीस."

तिने डोळे उघडले. "खरंच? उद्या टोपवाल्यांना सांगायला हवं. ते म्हणतच होते."

बस्स. एवढंच ती बोलली. घरात दोन वेळा आटवलेलं दूध, गोळीची वेळ सांभाळणं, कमी मिठाचा डबा, सगळं बाजूला राहिलं आणि श्रेय गेलं टोपवाल्याला. त्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या रात्री त्याला जेवणाची चवही लागली नाही.

दोन दिवसांनी मशीनने एकशे अठरा दाखवलं. तो आकड्याकडे बघत राहिला.

"किती?" तिने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"एकशे अठ्ठेचाळीस," तो म्हणाला.

तोंडातून गेल्यावर त्याचा त्यालाच धक्का बसला. पण तिचा चेहरा पडलेला पाहून मनात कुठेतरी गार वाटलं, हेही खरं. "मग वाढलंच की," ती म्हणाली. "दुधाने काही होत नाही तर."

"मी काय म्हणत होतो?" तो म्हणाला.

एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी खरं बोलायला तोंड राहत नाही. एकशे पन्नासवरून एका रात्रीत एकशे पंधरावर कोणी येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीही त्याने वाढवूनच सांगितला, आणि तिसऱ्या दिवशीही. ती त्याच्यावर विश्वास ठेवून डोळे मिटून बसे. ठरल्याप्रमाणे त्याने डॉक्टरांना फोन करून आकडे कळवायचे होते. त्याला वाटलं, निदान तिथे तरी खरं सांगावं. पण ती शेजारीच बसून ऐकत होती. त्याने तेच खोटे आकडे सांगितले.

"खाण्यापिण्यात काही बदल? दुसरं काही औषध, काढा वगैरे?" डॉक्टरांनी विचारलं.

त्याच्या जिभेवर हळद आली होती. पण डॉक्टर जर म्हणाले, वा, चांगलं आहे, घेत राहा, तर? तर टोपवाल्याच्या हातात प्रशस्तिपत्रच पडलं असतं.

"नाही, काही नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी गोळी दुप्पट ताकदीची केली.

"तुम्ही दुधाबद्दल विचारलंत ना?" फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं.

"विचारलं की. काही हरकत नाही म्हणाले."

दुप्पट ताकदीची गोळी सुरू झाल्यावर त्याला भीती वाटू लागली. ती अंथरुणातून उठताना भिंतीला हात लावी आणि क्षणभर तशीच थांबे. तिच्या पायांचे घोटे सुजले, चपलांचे पट्टे रुतू लागले. ती म्हणे, नवं नाटक आहे, दिवसभर उभं राहावं लागतं. त्याला ठाऊक होतं की नाटकाचा काही संबंध नाही. संध्याकाळी मशीन शंभराच्याही खाली दाखवू लागलं आणि तो आवाज शक्य तितका सपाट ठेवून "एकशे चाळीस" म्हणू लागला. एका सकाळी त्याने गोळी दिलीच नाही. "आज राहू दे," म्हणाला.

"राहू दे कशी? डॉक्टरांनी वाढवलीय ती," ती म्हणाली आणि तिने स्वतः पाकीट फोडून गोळी घेतली.

त्या दिवशी त्याने ठरवलं की आज सगळं सांगायचं. दुपारभर तो घरात येरझाऱ्या घालत वाक्य जुळवत होता. अगं, माझं जरा चुकलं. अगं, तू रागावू नकोस, पण. मशीन बिघडलं होतं असं सांगावं का, असाही एक चोरटा विचार येऊन गेला आणि त्याने तो झटकला. संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. त्याने दार उघडलं तर बायको टोपवाल्याच्या दंडाचा आधार घेऊन उभी होती. तिची पिशवी टोपवाल्याच्या खांद्याला होती.

"पायऱ्यांवर जरा गरगरलं हो," ती म्हणाली. "हे म्हणाले, घरापर्यंत सोडतो."

काळजीचा एक शब्द त्याच्या तोंडून यायला हवा होता. त्याला दिसला तो फक्त तिचा हात, टोपवाल्याच्या दंडावर ठेवलेला.

"या ना आत," ती टोपवाल्याला म्हणाली.

"त्यांना उशीर होत असेल," तो म्हणाला, आणि टोपवाल्याच्या खांद्यावरून पिशवी अशी काढून घेतली की तो माणूस दोन पावलं मागे सरला.

"डॉक्टरांना दाखवा एकदा," टोपवाला हळूच म्हणाला.

"बघतो मी."

दार लावल्यावर ती म्हणाली, "किती तुसडेपणा केलात. पाणी तरी विचारायचं होतं."

दुपारभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्याने मशीन काढलंच नाही. दूध गरम केलं, कप तिच्यापुढे ठेवला, आणि ती ते प्यायली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. टोपवाला बोलत होता. नटीच्या झग्याला खालची पट्टी लावायला ताई गुडघ्यावर बसल्या होत्या, उठल्या आणि तशाच कोसळल्या. इस्पितळात आणलंय. शुद्धीवर आहेत. "तुम्ही लगेच या," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

इस्पितळात तिला खाटेवर झोपवलं होतं, पाय उशीवर उंच केलेले, हाताला सलाईन. डोळे मिटलेले होते. खाटेशी एक तरुण डॉक्टरीणबाई उभ्या होत्या आणि पलीकडे टोपवाला, हातात थर्मास घेऊन. तो थर्मास त्याने पुरावा म्हणून आणला होता.

"एक कप दुधाला अर्धा चमचा हळद, मिरीचे चार दाणे, बोटभर दालचिनी, थोडी सुंठ," तो सांगत होता. "दिवसातून एकदाच देतो मी. बाई, माझ्यामुळे झालं का हे? स्पष्ट सांगा."

डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे वळल्या. "घरी आणखी काही घेतात का?"

त्याने टोपवाल्याच्या भीतीने भरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. गप्प राहिलं असतं तर सगळं त्या माणसाच्या माथी गेलं असतं. त्याच्या मनातल्या एका कोपऱ्याला हे हवंही होतं. नंतर पुष्कळ दिवस त्याला स्वतःच्या त्या कोपऱ्याची लाज वाटत राहिली.

"घेते," तो म्हणाला. "तेच दूध. मी देतो. सकाळ-संध्याकाळ. मिरी दुप्पट, हळदही जास्त."

"आणि बीपी? एवढं खाली असताना गोळी वाढवली कोणी? डॉक्टरांना आकडे कळवले नव्हते का?"

"कळवले होते. चुकीचे कळवले."

"मशीन चुकीचं होतं?"

"नाही. मशीन बरोबर होतं. मी वाढवून सांगत होतो."

डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "स्वयंपाकातल्या हळद-मिरीला कोणी नाही म्हणत नाही. पण एवढी मिरी रोज पोटात गेली तर काही गोळ्या अंगात जास्त मुरतात. हळदही बीपी थोडं उतरवते. सगळ्यांनाच होतं असं नाही, आणि नुसत्या दुधाने इतकं झालं असतं असंही मी म्हणणार नाही. पण दूध तीन वेळा, वर दुप्पट गोळी, आणि खरा आकडा कोणाला माहीतच नाही. मग माणूस पडणार नाही तर काय होणार?" त्या टोपवाल्याकडे वळल्या. "तुमच्या एका कपावर सगळं ढकलू नका. पण गोळ्या घेणाऱ्या कोणालाही देण्याआधी विचारायला सांगत जा."

"मी सांगितलं होतं," टोपवाला म्हणाला. तो नवऱ्याकडे बघत होता.

"त्यांनी सांगितलं होतं," नवरा म्हणाला. "मी विचारलं नाही."

टोपवाल्याने थर्मास खाली ठेवला. "दोन तास," तो अगदी हळू बोलला, "दोन तास मी समजत होतो की माझ्या हातून ताई गेल्या असत्या." आणि तो बाहेर गेला.

नवरा खाटेजवळच्या खुर्चीत बसला. बायको झोपली आहे असं त्याला वाटत होतं. थोड्या वेळाने ती डोळे न उघडताच म्हणाली, "ऐकलं मी."

"अगं..."

"आत्ता नको."

दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. हळदीचं दूध बंद, गोळी पूर्वीचीच, आणि काही दिवसांनी नेहमीच्या डॉक्टरांकडे तपासणी. त्या तपासणीला ती एकटी गेली. त्याने चप्पल घातली होती, ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ," आणि तो चप्पल काढून परत आत आला. गोळ्या तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या. मशीन आपल्या उशाशी नेलं. संध्याकाळी ती दार लोटून घेई, चष्मा लावून स्वतः आकडा वाची, आणि काय आला ते त्याला सांगत नसे. तोही विचारत नसे. ती भांडली नाही, माहेरी गेली नाही, चारचौघांत काही बोलली नाही. सकाळी पूर्ण कप चहा मागे आणि तो पिऊन "येते" म्हणे. पण घरात ती पाहुण्यासारखी वावरू लागली, आणि यजमानाचं काही चुकलं तर पाहुणा जसा सोसून घेतो तसं सोसून घेऊ लागली. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला होई.

शेवटी एका सुटीच्या दुपारी ती सुईत दोरा ओवत असताना त्यानेच विषय काढला.

"मला त्याचा हेवा वाटत होता."

"माहीत आहे मला."

"तू हसायचीस तिथे. इथे येऊन त्याच्याच गोष्टी सांगायचीस."

"इथे कोणाच्या सांगू? दिवसभर तिथेच असते मी." तिने दोरा दाताने तोडला. "हेवा वाटला याचा राग नाही आला मला. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. इतकी वर्षं झाली लग्नाला, आणि माझ्यावरून अजून कोणाच्या तरी पोटात दुखतंय. पण मी डोळे मिटून बसायचे हो. तुम्ही सांगाल तो आकडा. दुसऱ्या कोणापुढे मी तशी बसले नसते."

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलंच. आणि त्या माणसाकडे जाऊन तुम्ही हे बोलायचंय. माझ्यासमोर नाही, एकटे जाऊन."

तो गेला. चार पायऱ्या उतरून कपडेपटात शिरला. टोपवाला एका लाकडी डोक्यावर जाळी ताणून बारीक आकड्याने एकेक केस गुंफत होता. त्याने मान वर केली नाही. नवऱ्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आपण दारात कसे वागलो तेही. टोपवाला एक केस ओवून, गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "माझी बायको नाटकात काम करायची. रोज रात्री दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडायची. मी खालच्या रांगेतून बघायचो. जळण्याबद्दल मला कोणी शिकवायला नको." मग त्याने स्टूल पुढे सरकवलं. "पण मला तुम्ही घाबरवलंत. ते मी इतक्यात विसरणार नाही."

"नका विसरू," नवरा म्हणाला आणि बसला.

मग बायकोने एक दिवस परस्पर ठरवून टाकलं. "रविवारी टोपवाल्यांना जेवायला बोलावलंय. स्वयंपाक तुम्ही करायचा."

त्याने केला. मीठ बेताचं, मिरी अगदी नावाला. टोपवाला आला, आधी जरा अवघडून बसला, मग सैलावला. तिसऱ्या पोळीला त्याने व्यवस्थापकांची नक्कल केली. बायकोला हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यानेच पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. देताना त्याच्या छातीत ते जुनं काहीतरी पुन्हा टोचलं. ते गेलं असेल असं त्याला वाटलं होतं. ते कुठेही गेलं नव्हतं.

पाहुणा गेल्यावर ताटं उचलताना ती म्हणाली, "चेहरा का असा?"

तो "काही नाही" म्हणणार होता. मग म्हणाला, "जळलो."

"कधी?"

"ठसका लागला तेव्हा."

तिने ताट खाली ठेवलं. "त्यांच्याशी बोलायला मला आवडतं. मी बोलणार."

"बोल ना. मी नको म्हणत नाही."

"आणि तुम्ही जळणार."

"बहुतेक."

"जळा. पण असं तोंडाने सांगून जळा." ती ओट्याकडे गेली, पातेल्यात डोकावली. "भाजी उरलीय. उद्या माझ्या डब्याबरोबर त्यांनाही एक डबा द्या. आवडली म्हणत होते."

त्याने फडताळातून दोन डबे काढले आणि भाजी भरायला घेतली. दोन्ही डबे सारखेच होते. एकात भाजी थोडी जास्त भरली गेली. तो डबा त्याने बायकोचा म्हणून तिच्या पिशवीजवळ ठेवला.